पेण ते रोहा : मोटरसायकलवरून तीन पाण्यांच्या मुलखात

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातले एकमेकांना लागून असलेले तालुके. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या मोटरसायकलस्वारांच्या वाटेत पहिल्याच सकाळी दोन्ही येतात आणि बहुधा न पाहताच मागे पडतात. पेणहून नागोठणे आणि भिसे खिंड या मार्गाने रोहा शहर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. महामार्गाने कोलाडपर्यंत जाऊन मागे वळले तर अंतर आणखी वाढते. थेट गेले तर हा टप्पा दीड तासाचा. मात्र एवढ्या पट्ट्यात तीन तऱ्हांचे पाणी भेटते: बांध घालून थोपवलेले खाडीचे खारे पाणी, धरणात साठवून शहराकडे नेलेले डोंगराचे पाणी आणि सह्याद्रीपलीकडून बोगद्यातून खाली उतरवलेले घाटमाथ्याचे पाणी. इथली शेती, वस्ती, कारखाने आणि रस्तेसुद्धा या तीन पाण्यांनी ठरवले आहेत. मोटरसायकलवरून ते नीट पाहता येते, कारण गावामागचा मातीचा रस्ता जिथे अरुंद होतो तिथून पुढेही दुचाकी जाते.

पेणला पोहोचण्याच्या वाटा दुचाकीसाठी मोजक्याच आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर मोटरसायकलला प्रवेश नाही, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. त्यामुळे मुंबईचा दुचाकीस्वार वाशीचा खाडीपूल ओलांडून शीव–पनवेल महामार्गाने पळस्पे फाट्याला येतो आणि तिथून कर्नाळ्याच्या अभयारण्यामधून खाली पेणच्या मैदानात उतरतो. दुसरी वाट समुद्रावरची. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून गाड्यांबरोबर मोटरसायकलीही नेते. मांडव्याहून अलिबाग, पोयनाड करत वडखळ नाक्यावर महामार्ग गाठता येतो. पुण्याचा स्वार जुन्या पुणे–मुंबई रस्त्याने खोपोलीला उतरून पेण–खोपोली रस्ता धरतो. या तिन्हींत खोपोलीची वाट सर्वांत शांत आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भातखाचरे, मधून मधून ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या, असा तिचा क्रम आहे.

ऋतूची निवड महत्त्वाची. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात आतल्या डांबरी रस्त्यांच्या कडांवर शेवाळ धरते, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची चिकण माती रस्त्यावर पसरते आणि सखल साकव काही तास पाण्याखाली जातात. उन्हाळा वेगळ्या अर्थाने कठीण. डोंगरांच्या कोंदणात बसलेल्या भिरा या गावी २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. कोकण म्हणजे दमट पण सौम्य हवा, या समजुतीने मार्च-एप्रिलच्या दुपारी इथे फिरू नये. भात कापून झाल्यावर, साधारण मध्य नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या प्रवासाचा खरा काळ. तेव्हा हवा कोरडी असते, खाचरे मोकळी होतात आणि खाडीकाठच्या कच्च्या वाटा सुकून चाकाखाली टणक लागतात.

गाडी मोठी असलीच पाहिजे असे मुळीच नाही. पेण-रोह्याच्या गावांतून शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर माणसे रोज कामाला जातात, तांदळाची गोणी नेतात, मासळी विकतात. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या चार-स्ट्रोक गाडीने कमी पेट्रोलमध्ये लांब जाण्याची सोय केली आणि त्याआधीच्या राजदूत, येझदी, बुलेट या जड गाड्यांची जागा गावोगावी तिच्या वंशाने घेतली. लांबच्या प्रवासाला बुलेट घेऊन येणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे आणि महामार्गावर तिचे वजन उपयोगी पडते. धरमतरच्या खाडीवरून आडवा वारा आला की हलकी गाडी बाजूला सरकते, जड गाडी रेषा सोडत नाही. पण बांधाकडच्या वाटांवर, जिथे गाडी हाताने वळवून परत फिरायचे असते, तिथे हलकी गाडीच बरी. हेल्मेट पक्के, भारतीय मानक चिन्ह असलेले असावे. पावसाळ्यात टायरची नक्षी झिजलेली नसावी. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड आणि रोहा या सगळ्या ठिकाणी पेट्रोल मिळते. रोह्यापुढे समुद्राकडे जाताना मात्र टाकी भरून निघावे.

पेणच्या अलीकडे महामार्गाच्या बाजूला हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे लागतात. घरांच्या पडव्यांत, मांडवांत, गच्च्यांवर गणपतीच्या पांढऱ्या मूर्ती रांगांनी वाळत ठेवलेल्या दिसू लागल्या की ही गावे आली असे समजावे. पेणची मूर्तिकला शहरातल्या कारखान्यांत वाढली आणि तिथून या गावांत पसरली. आता इथला हा वर्षभराचा धंदा आहे. गणेशोत्सव संपल्यावर थोडी विश्रांती, मग पुन्हा साचे, मूर्ती, घासकाम, रंग. त्यात बायकांचा वाटा मोठा. रंगवलेल्या मूर्तींबरोबर न रंगवलेल्या कच्च्या मूर्तीही मोठ्या संख्येने मुंबई-पुण्याकडे आणि बाहेरगावी जातात. परदेशी जाणाऱ्या मूर्तींना आगबोटीचा वेळ लागत असल्याने त्या कित्येक महिने आधी निघतात. सगळ्यांत कुशल काम डोळ्यांच्या आखणीचे. ते हात थोड्यांकडेच असतात आणि कारखान्याची ओळख त्यांच्यावरच ठरते. शाडूची माती गुजरातेतून येते. प्लास्टर हलके आणि स्वस्त असल्याने मधल्या काळात तेच जास्त झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये त्यावर निर्बंध सुचवल्यापासून न्यायालयापर्यंत गेलेल्या वादात या गावांची रोजीरोटी अडकली. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत विसर्जनाला नाही. या गावांत गाडी थांबवून आत पाहायला कोणी मना करत नाही. उन्हाळ्याचे महिने त्यासाठी सर्वांत चांगले. श्रावणात मात्र सगळे घाईत असतात आणि पाहुण्यांनी वाटेत उभे राहू नये.

पेण शहर भोगावती नदीकाठी वसले आहे. मूर्तींखेरीज ते पोह्यांसाठी, पापडांसाठी आणि लोणच्यांसाठी ओळखले जाते, आणि बाजारपेठेतल्या एका फेरीत हे सगळे गाडीच्या मागे बांधून घेता येते. शहराच्या पूर्वेला डोंगराकडे गेले की मुलूख बदलतो. पेण–खोपोली रस्त्याच्या बाजूला गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ ही त्यांची जन्मतारीख. आजोबा शंभुराव भावे यांच्या घरात त्यांचे बालपण गेले. वडील बडोद्याला नोकरीला असल्याने पुढे कुटुंब तिकडे गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात करून जो माणूस पुढची तेरा वर्षे देशभर पायी हिंडला, त्याच्या जन्मगावावरून इंजिनाच्या आवाजात भर्रकन निघून जाणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. गाव लहान आहे, त्याच्या भोवतीची वाट चालण्यासारखी आहे. गाडी उभी करून ती चालावी.

त्याच डोंगरपट्ट्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. वर सांगितलेल्या तीन पाण्यांतले एक इथले. धरणाच्या लाभक्षेत्रात पेणची शेती येते आणि त्याच धरणाचे पाणी नवी मुंबईला पिण्यासाठी जाते. या दोन गरजांचा ताण २००८ मध्ये उघड्यावर आला. मुंबईजवळच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण परिसरातली जमीन घेण्याचे ठरले, तेव्हा ‘धरणाच्या ओलिताखाली येणारी जमीन उद्योगाला देऊ नये’ असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. सरकारने हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावले. भूसंपादनाच्या प्रश्नावर शेतकऱ्यांनी मतपत्रिकेने आपले म्हणणे मांडल्याचा हा देशातला फार दुर्मिळ प्रसंग. प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. आज महामार्गाच्या पश्चिमेला डोळा पोहोचेल तिथवर जी सपाट भातशेती दिसते, तिच्यातल्या पुष्कळ गावांनी त्या वेळी हा वाद स्वतः लढवला आहे. हे ठाऊक असले की तो मोकळा मुलूख नुसता मोकळा वाटत नाही.

पेण आणि वडखळच्या पश्चिमेचा हा सपाट प्रदेश म्हणजे खारेपाट. तो पेण आणि अलिबाग या दोन तालुक्यांत पसरला आहे आणि या प्रवासातला सर्वांत बघण्यासारखा भाग आहे. धरमतरच्या खाडीला मिळणाऱ्या नद्यांनी आणलेला गाळ, त्यावर दिवसातून दोनदा चढणारी भरती आणि त्या भरतीपुढे माणसाने घातलेले बांध, यांतून ही जमीन तयार झाली. बाहेरचा मोठा बांध समुद्राचे पाणी रोखतो. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी उघाडीच्या झडपेला बाहेर ढकलून खाडीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तीच झडप बंद होते. यंत्र नाही, वीज नाही. समुद्राच्या जोरानेच समुद्र अडवला जातो. नव्याने बांधून घेतलेल्या जमिनीत लगेच पीक येत नाही. काही वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन निघाले की भात धरतो, तोही खारे पाणी सोसणाऱ्या वाणांचा. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे वाण याच जमिनींसाठी तयार केले.

बांध राखणे हे कधीच एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हते. पेणच्या खाडीकाठी शिलोत्री नावाची जुनी पद्धत होती. बांध घालून जमीन उठवणारा शिलोत्रदार तो बांध सांभाळायचा आणि आतल्या शेतकऱ्यांकडून त्याबद्दल धान्य घ्यायचा. पुढे गावकी आली, मग सरकार. मुंबई प्रांताचा खारभूमीचा कायदा १९४८ मध्ये झाला, महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा १९७९ मध्ये. बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही तर एका उधाणात कित्येक एकर शेत खारट होते. दोन-तीन वर्षांत तिथे तिवरे उगवतात आणि मग ती जमीन परत मिळवणे कायद्यानेही अवघड होते. खारेपाटातून जाताना भाताच्या खाचरांना लागूनच तिवरांचे दाट बन दिसते. काही ठिकाणी ते खाडीचे मूळचे रान असते, काही ठिकाणी हरलेले शेत. कोणते कुठले, हे गावातली माणसे बोट दाखवून सांगतात.

मोटरसायकल बांधाच्या माथ्यावर घालू नये. तो माथा मातीचा, वीत-दोन वीत खचलेला असतो, आणि चाकांच्या चाकोरीत पावसाचे पाणी साठून पुढच्या खांडीची सुरुवात होते. गाडी गावात ठेवून उघाडीपर्यंत चालत जावे. भरती-ओहोटीच्या वेळा आधी विचारून घेतल्या तर झडप उघडताना आणि मिटताना पाहता येते, आणि ते पाहण्यासाठी तासभर थांबणे सर्वस्वी सार्थकी लागते. याच गावांत घरामागच्या तळ्यांतून जिताडा पाळतात. पिलू असताना खाडीतून आणून गोड्या पाण्यात सोडलेला हा मासा मोठा झाला की घरच्या खास पाहुण्यासाठी काढला जातो. खारेपाटात लग्नाच्या बोलण्यांपासून राजकारणापर्यंत जिताड्याच्या जेवणाला मान आहे.

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला वळले की पोयनाडजवळ चरी हे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी इथे झालेल्या सभेत खारेपाटातल्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली हा संप १९३९ पर्यंत चालला. एवढी वर्षे २५ गावांनी पेरणी केली नाही. लोकांनी लाकडे विकली, मासे धरले, करवंदे खाल्ली. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले होते. १९३९ च्या कूळ कायद्यामागे या संपाचा दाब होता. देशातल्या शेतकरी चळवळींच्या इतिहासात इतका दीर्घ संप क्वचितच सापडेल. महामार्गावरून हे गाव थोडे आडवाटेला पडते, पण खारेपाट पाहायचा आणि चरी टाळायची, हे बरोबर नाही.

वडखळ नाका स्वतः थांबण्याची जागा नाही. बाजूला डोलवीचा पोलाद कारखाना आणि धरमतर बंदर असल्याने खनिजाचे, कोळशाचे आणि पत्र्याच्या गुंडाळ्यांचे ट्रेलर इथे रात्रंदिवस वळत असतात. दुचाकीस्वाराने इथे ट्रेलरच्या डाव्या कडेने पुढे घुसू नये. वळताना मागची चाके आत येतात आणि चालकाला तो कोपरा दिसत नाही.

इथून नागोठण्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे, जुन्या क्रमांकाने १७. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये हाती घेतले गेले आणि ते इतकी वर्षे लांबले की कोकणातल्या एका पिढीने हा रस्ता खोदलेल्याच अवस्थेत पाहिला. काँक्रीटचा पूर्ण झालेला भाग उत्तम आहे. धोका असतो तो काँक्रीट संपून जुने डांबर सुरू होते त्या सांध्यावर, तिथल्या पायरीवर आणि वळणरस्त्यांवरच्या खडीवर. रात्री हा टप्पा मोटरसायकलने करू नये. गणपतीच्या आधीच्या चार दिवसांत तर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग पेणपासून पुढे लागते. त्या दिवसांत आतल्या रस्त्यांखेरीज पर्याय उरत नाही.

नागोठणे रोहा तालुक्यात आहे, अंबा नदीच्या काठी. आज ते मुख्यतः पेट्रोरसायनांच्या कारखान्यामुळे ओळखले जाते. आधी इंडियन पेट्रोकेमिकल्सचा असलेला हा प्रकल्प आता रिलायन्सकडे आहे आणि त्याच्या चिमण्या दूरवरून दिसतात. पण गावाचे महत्त्व त्याहून कितीतरी जुने आहे. भरतीबरोबर अंबेतून होड्या इथपर्यंत येत. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून आगबोटीने नागोठणे गाठायचे आणि तिथून महाड, पोलादपूर करत महाबळेश्वरला चढायचे, हा प्रवासाचा रुळलेला मार्ग होता. त्याआधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, चौलच्या काझी अलाउद्दीनाने इथे दगडी कमानींचा पूल बांधल्याची नोंद कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. चौल बंदराचा माल घाटाकडे जायचा, त्या व्यापाराने हा पूल उभा केला. आताच्या रुंद महामार्गाला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या या अरुंद पुलाचे काही अप्रूप नसेल, परंतु पेण-रोह्याच्या वाटेवर पाण्यावरून माणसे कशी जात होती, हे दाखवणारी इतकी जुनी वस्तू दुसरी नाही. अंबेचा कोपही गावाने पाहिला आहे. जुलै १९८९ च्या पुरात वरच्या अंगाचे जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले, आणि तेच पाणी नागोठण्यातून वाहत गेले.

नागोठण्याहून रोह्याला जाणारा भिसे खिंडीचा रस्ता महामार्ग सोडून डोंगरात शिरतो. सगळ्या प्रवासात मोटरसायकल चालवण्याचा आनंद सर्वाधिक इथे मिळतो. चढ फार उभा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत वळणे घेता येतात, दोन्ही बाजूंना रान आणि हवेत गारवा. वळणांवर समोरून येणारी एसटी आणि कारखान्यांची वाहने रस्त्याचा मध्य धरतात, म्हणून आपली डावी कड सोडू नये. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय पुष्कळांना असते. ती इथे जिवावर बेतू शकते. याच डोंगररांगेत रोह्याच्या बाजूला अवचितगड आहे. त्यावर जायला मेढे गावातून पायवाट आहे आणि अर्धा दिवस हाताशी हवा.

हिवाळ्यात या पट्ट्यातल्या खाचरांत वाल उभे असतात. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर ते वाढतात, वेगळे पाणी लागत नाही. त्यांच्या कोवळ्या शेंगा आल्या की पोपटीचे दिवस सुरू होतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, बटाटे, ओवा आणि जाडे मीठ भरून तोंड पाल्यानेच बंद करतात, मडके शेतात उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवतात. पाण्याचा थेंब न घालता सगळे शिजते. भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगांना लागतो आणि तीच पोपटीची खरी चव. जानेवारी-फेब्रुवारीत पेण, अलिबाग, रोहा या भागांत रात्री शेतात जाळ दिसला तर तो बहुधा पोपटीचा असतो. हॉटेलांतूनही आता ती मिळते, पण शेतावर बोलावणे आले तर नाकारू नये.

रोहा शहर कुंडलिका नदीच्या काठी आहे आणि पलीकडच्या काठी अष्टमी. दोहोंची नगरपरिषद एकच. पूर्वी भरतीला गलबते इथवर येत, त्यामुळे हे बंदराचे आणि भाताच्या व्यापाराचे गाव होते. ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास त्यांची पालखी निघते तेव्हा पोलिसांकडून सशस्त्र सलामी दिली जाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा या गावाशी घरोब्याचा संबंध; १९५२ मध्ये ते कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले होते आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यातला. मध्य रेल्वेची पनवेलकडून येणारी मार्गिका इथे संपते आणि कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर इथे सुरू होतो. मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. पुढचेच स्थानक कोलाड, जिथे १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढून गोव्यातल्या वेर्ण्याला जातात.

कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहती असते. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चपर्यंत डबक्यांवर येतात. ही येत नाही, आणि त्याचे कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. पुणे जिल्ह्यात मुळा आणि नीला या नद्यांवर टाटांनी मुळशीचे धरण बांधले. ते पाणी मुळात पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जायचे. ते बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडले, आणि १९२७ पासून त्यावर वीज तयार होऊ लागली. वीज करून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेत येते. कोलाडला या पाण्यावर होणारी तराफ्यांची सफर (राफ्टिंग) सकाळीच असते, कारण भिऱ्याहून पाणी सुटण्यावर नदीची पातळी अवलंबून असते. त्याखाली डोलवहालच्या बंधाऱ्यातून कालवे निघतात आणि रोहा-माणगावच्या शेतांत उन्हाळी भात उभा राहतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे कारखानेही याच खोऱ्यात आले. एप्रिलमध्ये खारेपाटातली खाचरे भेगाळलेली पाहून रोह्याकडे आलेल्या स्वाराला कोलाडजवळ हिरवेगार भात दिसते, त्याचे उत्तर मुळशीत आहे. त्या धरणासाठी ज्यांची गावे बुडणार होती त्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह केला होता, आणि तो यशस्वी झाला नाही.

रोह्यापुढे मोटरसायकलला तीन वाटा फुटतात. पहिली कुंडलिकेच्या दक्षिण काठाने चणेरे करत साळावला जाते. वाटेत फणसाडचे रान जवळ येते. जंजिऱ्याच्या नबाबाचे हे शिकारीचे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे. साळावला उजवीकडे पूल ओलांडला की रेवदंडा आणि चौल, डावीकडे मुरूड. मुरूडपुढे आगरदांड्याहून दिघीला जाणारी ‘जंगल जेटी’ ही बोट मोटरसायकली नेते, म्हणून श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे निघालेल्यांना महामार्गावर परत यावे लागत नाही. दुसरी वाट घोसाळगडाच्या पायथ्यावरून तळ्याला जाते. तिथून कुड्याची २६ बौद्ध लेणी जवळ आहेत. महाभोज मांदव घराण्यातल्या माणसांनी दिलेल्या दानांचे लेख त्यांत कोरलेले आहेत. लेण्यांपाशी उभे राहिले की खाली राजपुरीच्या खाडीचे टोक दिसते. हा रस्ता अरुंद आहे, रहदारी फार थोडी, आणि तिन्हींत प्रस्तुत लेखकाची पसंती त्यालाच आहे.

तिसरी वाट पुण्याकडे परतणाऱ्यांची. कोलाडहून सुतारवाडीमार्गे विळ्याला आणि तिथून ताम्हिणी घाटाने वर. राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत ताम्हिणीची गणना होते. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी थांबलेल्या गाड्यांनी घाट तुंबतो आणि धुक्यात त्या दिसत नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारच्या आत चढून जावे. घाटमाथ्यावर निवे ओलांडल्यावर रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने पौडकडे जातो.